आठ माईकचा डबा

प्रिय ताई,

आत्ताच दिवाळे गावातून आले. पर्स खुर्चीवर टाकली आणि पाणीसुद्धा न पिता लिहायला बसले. राजन विचारतोय, "काय झालं? रडलीस का?" मी म्हटलं, थांब, आधी ताईला सांगू दे. तो बिचारा आत गेला. गेल्या महिन्याभरात त्याला माझ्या असल्या बोलण्याची सवय झालीय.

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं गं. तू असताना तरी मी कुठे लिहिलं? तू बेलापूरला, मी खारघरला, मध्ये मेट्रोची चार स्टेशनं. पत्र कशाला लागतंय! पण आज जे ऐकून आलेय ते राजनला सांगितलं तर तो "भारीच!" म्हणेल, मनापासून म्हणेल, आणि तरी त्याला अर्धंच कळेल. पुरतं कळणारी तू एकटी होतीस. म्हणून तुलाच.

पहिल्यापासून सांगते. तू गेल्यावर इकडे काय काय झालं ते तुला कुठे माहितेय?

तुझं घर रिकामं केलं तेव्हा कपडे, भांडी, पुस्तकं सगळं ज्याला त्याला दिलं. तुझा तो डबा मात्र कुणाला द्यायचा ते मला कळेना. 'इंटरफेस' म्हणायचीस तू त्याला. मला एवढंच ठाऊक होतं की त्याला एका वेळी आठ माईक लागतात, आणि प्रत्येक माईकचा आवाज कम्प्युटरमध्ये वेगवेगळा जाऊन बसतो. डबिंग स्टुडिओतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी तू तो डबा पाठीला मारायचीस आणि कुठे कुठे जायचीस. भजनी मंडळं काय, शाळांची लेझीम पथकं काय! "किती जुना झाला गं, नवीन घे की," असं मी म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं. "चालतंय ना? मग कशाला टाकायचं?" चपलेपासून डब्यापर्यंत सगळ्याला एकच उत्तर!

तर तो डबा, माईकची पिशवी, वायरींचं भेंडोळं आणि तुझा म्हातारा लॅपटॉप, सगळं आमच्या बेडरूममधल्या कपाटावर चढलं. तिथेच राहिलंही असतं.

तुझा फोन मी चालू ठेवलाय. गॅसचे, बँकेचे मेसेज येतात, म्हणून ऑफिसला जाताना पर्समध्ये टाकते. एकदा जासईजवळच्या कंटेनर यार्डच्या ऑफिसात बसले होते, खिडकीबाहेर नेहमीसारखी ट्रेलरची रांग आणि हॉर्न, आणि तुझा फोन वाजला. बाईचा आवाज.

"शुभाताई? मी मंदा बोलते, दिवाल्याची. चांगुनाबायची सून."

मी काही बोलायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन ठरलंय. गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज राहील की नाही सांगता येत नाही. "त्या सारख्या एकच बोलतात. शुभाला बोलव. तिना शब्द दिलाय, आमचा गाना भरून न्यायचा. कवा येता ताई?"

ताई, काय सांगायचं मी? बाहेर जाऊन गेटपाशी उभी राहिले आणि सांगितलं. "मंदाताई, मी शुभाची धाकटी बहीण. शुभाताई दिवाळीनंतर गेली."

पलीकडून "अगं बाय माजे!" एवढंच ऐकू आलं. मग कुजबुज, भांड्याचा आवाज. मग फोनवर दुसरा आवाज आला, घोगरा, जाडाभरडा.

"तू तिची बहीन ना?"

"हो."

"तुना येते काय तिचा काम?"

"नाही मावशी."

"मंग?"

तिनं 'मंग' असं विचारलं, ताई, की मला 'मग काही नाही' म्हणताच आलं नाही. मी म्हटलं, "शिकून येते." फोन ठेवल्यावर कळलं, मी काय बोलून बसले! मी! जिला टीव्हीचा रिमोट बिघडला तर राजनला हाक मारावी लागते ती!

आणि एक विचारू? एवढा मोठा शब्द देऊन ठेवलास आणि मला एका अक्षरानं सांगितलं नाहीस? मी काही तरी विचारायला गेले की "तू तुझे कंटेनर सांभाळ" म्हणून हसायचीस. एकदा तरी शेजारी बसवून दाखवायचंस ना गं, कुठली वायर कुठे जाते ते!

त्या शनिवारी मी दिवाळ्याला गेले. जेट्टीकडच्या गल्लीत, दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, तिथलं घर. चांगुणामावशीला मी पाहिल्याबरोबर ओळखलं. बेलापूरच्या बाजारात आपण हिच्याकडूनच मासे घ्यायचो की! ही धवलारीण आहे, लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी आहे, हे मला कुठे माहीत होतं? भटजी यायच्या आधी हिचं गाणं होतं, हळदीपासून मांडवापर्यंत हरेक कामाचं वेगळं गाणं, हे मंदानंच सांगितलं. मावशी पुढे म्हणते आणि बाकीच्या सातजणी मागून धरतात. आणि मागच्या अशा धरतात की पुढचीची ओळ संपायची वाट बघत नाहीत, तिच्यावरच चढतात. मंदानं लग्नात मोबाईलवर भरलेलं ऐकवलं. नुसता गलका. मावशीचा आवाज त्यात कुठेच नव्हता.

तेव्हा मला तुझ्या आठ माईकचा अर्थ कळला.

"तुजी बहीन बोलली व्हती," मावशी म्हणाली, "हरेकीचा आवाज वेगला ठेवीन. माजा माज्या जाग्यावर, हिचा हिच्या जाग्यावर. असा व्हते काय?"

"होतं," मी म्हटलं. होतं की नाही हे मला कुठे माहीत होतं!

घरी येऊन डबा खाली काढला. मागे बघते तर त्याचं भोक सहा कोनांचं, आणि आमच्या नव्या लॅपटॉपला तसलं काही नाहीच. लॅपटॉपला मुळात भोकंच दोन. मग मी तुझ्या इक्बालभाईंना फोन लावला. तुझ्यासोबत डबिंगला होते, आता रिटायर होऊन पनवेलला असतात. तू गेल्याचं त्यांना आम्हीच कळवलं होतं. ते म्हणाले, "नीलिमा, ते फायरवायर. ती वायर आता कुणी बनवत नाही. पण जोड मिळतात. एकाला दुसरा जोडायचा."

जोड मागवले. एकाच्या शेपटीला दुसरा लावला, दिवा लागला, मी टाळ्या वाजवल्या. पण कम्प्युटर म्हणे, इथे काहीच जोडलेलं नाही. पुन्हा काढून लावलं. काहीच नाही. डबा समोर निळा दिवा लावून बसलाय आणि कम्प्युटर त्याला ओळखच देत नाही. ज्या कंपनीनं डबा केला तिनं त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरला डब्याची भाषा समजावणारा प्रोग्राम, कधीच बंद केलाय. आणि नव्या लॅपटॉपमधून तर तो रस्ताच काढून टाकलाय.

राजन म्हणाला, "नवा भाड्यानं मिळतो. वाशीला एकाकडे आहे. आणू या?"

खरं होतं त्याचं. पण मला तो नको होता. का नको होता ते तुला मी सांगायची गरज नाही ना? शब्द तू दिलेलास, तर निदान डबा तरी तुझा असावा. राजन म्हणाला, "हा हट्ट आहे, नीलू. मावशींचं ऑपरेशन तुझ्यासाठी थांबणार नाही. पुढच्या शनिवारपर्यंत झालं तर ठीक, नाही तर भाड्याचा. कबूल?"

कबूल म्हटलं. काय करणार?

मग तुझा म्हातारा लॅपटॉप काढला. त्याची बॅटरी पुरीसारखी फुगलेली. इक्बालभाई स्वतः आले, तिला अलगद बाहेर काढलं आणि नुसत्या चार्जरवर तो सुरू केला. खूप वेळ घरघरला, मग पडदा उजळला. पासवर्ड नाहीच! असं कुणी लॅपटॉप ठेवतं का गं? पण देवाच्या दयेनं ठेवलास.

त्याला तुझी जुनी वायर लावली, आणि ताई, त्यानं डब्याला लगेच ओळखलं. आठच्या आठ माईकच्या पट्ट्या पडद्यावर आल्या. मी माईकसमोर "हॅलो" म्हटलं तर पहिली पट्टी हिरवी होऊन उडी मारून खाली बसली. तू गेल्यापासून त्या डब्यात कुणाचा आवाज गेला नव्हता. पहिला माझा गेला.

पण आठही माईक लावून भरायला घेतलं की तो म्हातारा धापा टाकायचा. मध्येच थिजायचा, आणि भरलेलं सगळं जायचं. इक्बालभाई मान हलवत म्हणाले, "याच्यावर भरवसा नाही ठेवता येणार. मावशीचं गाणं एकदाच व्हायचंय."

मी डोक्याला हात लावून बसले. नवा ओळखत नाही, ओळखतो त्याला पेलवत नाही. इक्बालभाईंनी चहाचा कप खाली ठेवला, डबा उलटा केला, मागे बोटानं चाचपलं आणि मला जवळ बोलावलं. एक बारीक चौकोनी झाकण होतं. ते त्यांनी उघडलं. आतून लाल उजेड!

"हे बघ," ते म्हणाले. "कम्प्युटरशी बोलत नाही ना हा? नको बोलू दे. आठही माईकचा आवाज इथून उजेड होऊन बाहेर पडतो. माझ्याकडे एक छोटा नवा इंटरफेस आहे, तो उजेड आत घेतो आणि तुझ्या लॅपटॉपशी त्याचं चांगलं जमतं. फक्त याला एकदा सांगून ठेवायला लागेल, की बाबा, जे येईल ते इकडे पाठव. ते सांगायचं शुभाच्या म्हाताऱ्या लॅपटॉपकडून. एकदा सांगितलं की बंद केला तरी याच्या लक्षात राहतं."

"कसं सांगायचं?"

"ते मलाही नक्की आठवत नाही बेटा. शोधूया."

शोधलं. इंटरनेटच्या कुठल्या तरी कोपऱ्यात एका माणसानं सगळं लिहून ठेवलेलं सापडलं. याच डब्याचं. कुठल्या देशातला कोण जाणे, नावसुद्धा टोपणनाव. कुठे टिचकी मारायची, कुठली खूण काढायची, फोटोंसकट. वर्षानुवर्षांपूर्वीचं होतं. आणि शेवटी एक ओळ: आता हे कुणाला लागेल असं वाटत नाही, पण लागलंच तर असावं.

ताई, मी ती ओळ किती वेळ बघत बसले! त्याला आपली भाषा माहीत नाही, दिवाळे माहीत नाही, धवलारीण म्हणजे काय ते माहीत असायचा संबंधच नाही. आणि कधी तरी कुणाचं तरी अडेल म्हणून तो माणूस एवढं लिहून निघून गेला. आभार मानायचे म्हटलं तर त्या पानावर नव्या माणसांना लिहिणं बंद. मग मनातल्या मनातच नमस्कार केला. देव असाच कुठे तरी टोपणनावानं राहत असेल का गं?

त्यानं लिहिल्याबरहुकूम केलं. डबा बंद करून पुन्हा चालू केला. म्हाताऱ्या लॅपटॉपची वायर काढून टाकली. इक्बालभाईंनी उजेडाची बारीक वायर मागे लावली, आणि दुसरं टोक नव्या छोट्या डब्यात खोचायच्या आधी मला म्हणाले, "हात पुढे कर." तळहातावर लाल ठिपका पडला. राजननं पडदे ओढले तेव्हा तो आणखी ठळक झाला. मी माईकजवळ जाऊन गुणगुणले, टाळी वाजवली. ठिपका जसाच्या तसा! "हलत नाही," मी म्हटलं.

"हलतोय," इक्बालभाई म्हणाले. "आपल्या डोळ्याला दिसत नाही एवढंच. इतक्या भरभर चालू-बंद होतोय. तुझी टाळी आहे त्यात."

माझ्या तळहातावर माझी टाळी उजेड होऊन पडली होती आणि मला ती दिसत नव्हती! तू हे सगळं रोज करायचीस, आणि घरी येऊन "आज भाजी काय केलीस?" असं विचारायचीस? असं कसं जमायचं गं तुला? मी असते तर रस्त्यात माणसं थांबवून थांबवून सांगितलं असतं!

वायर नव्या डब्यात गेली आणि आठही पट्ट्या आमच्या लॅपटॉपवर हलल्या. पण ऐकलं तर आवाजात मध्येमध्ये टक, टक. जसं कुणी नखानं काच वाजवतंय. मी घाबरले, आता हे काय? इक्बालभाई मात्र हसले. दोन्ही डब्यांना आपापलं घड्याळ असतं म्हणे, आणि दोन्ही आपल्याच घड्याळानं आवाज मोजत होते. नव्याला सांगितलं, तू जुन्याच्या घड्याळानं चाल. टकटक बंद! शुक्रवारची संध्याकाळ होती. राजननं मोबाईल काढून वाशीच्या माणसाला कळवलं, "डबा नको."

रविवारी सकाळी आम्ही तिघं दिवाळ्याला गेलो. मंदानं पुढची खोली झाडून घेतली होती. आठही बायका नटून आल्या होत्या. हिरवी, लाल लुगडी, अंबाड्यात फुलं, नाकात नथी. राजन हळूच म्हणाला, "यांना सांगितलंय ना, फक्त आवाज घ्यायचाय?" मी म्हटलं, गप्प बस.

मी एकेकीसमोर माईक लावले. पंखे बंद केले. फ्रीज बंद केला. एकीनं बांगड्या वाजतात म्हणून पदरात हात गुंडाळून घेतले, हे मी सांगितलंही नव्हतं. मंदा शेजाऱ्यांकडे जाऊन टीव्ही बंद करून आली. खाडीत एक होडी मशीन चालू करून निघाली तर सगळ्याजणी ती लांब जाईपर्यंत गप्प! मावशी तेवढ्यात गरम पाण्याचे घोट घेत होती. मी तिला विचारलं, "दुखतंय का मावशी?"

"दुखते. पन आज नाय आयकनार मी त्याचा."

आणि तिनं सुरू केलं.

ताई, तुला कसं सांगू? तू ऐकलेलंस, तुला ठाऊक आहे. पहिल्या ओळीला तो आवाज फाटका होता. खोकली. मी थांबवायला हात वर केला तर इक्बालभाईंनी माझा हात खाली घेतला. दुसऱ्या ओळीला तो आवाज कुठून तरी खालून आला, छातीच्याही खालून, आणि मग थांबलाच नाही. हळद झाली, पाणी आणणं झालं, मांडव झाला. मग आली आमंत्रणाची गाणी. लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं? आधी देवांना. मग खाडीला! खाडीला पाहुणी म्हणून बोलावतात, ताई, मला माहीतच नव्हतं! ये, म्हणतात, भरती घेऊन ये. आणि मग जे गेलेत त्यांना. घरातल्या गेलेल्या माणसांची एकेक करून नावं. सासू, सासरा, बुडालेला दीर. बाकीच्या सातजणी मागून अशा चढत होत्या की मला खोलीत एकच लाट ऐकू येत होती. शब्द काही कळत नव्हते. मी नुसत्या पट्ट्या बघत होते. आठ हिरव्या पट्ट्या, खाली-वर, खाली-वर. एक क्षणभरही तुझा डबा चुकला नाही.

संपल्यावर मावशीच म्हणाली, "पंखा लाव गो, मेलो गरमीनं," आणि सगळ्या हसल्या. मंदानं सगळ्यांना कोळंबीभात वाढला. इक्बालभाईंनी दोनदा घेतला.

पुढच्या बुधवारी ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली. मावशी वाचली. आवाज गेला, ताई. कुजबुज तेवढी राहिली, तीही कान जवळ नेला तर ऐकू येते.

मला ते ऐकवायचं होतं तिला, पण आधी नीट लावायचं होतं. इक्बालभाईंनी शिकवलं तसं मी रोज ऑफिसातून आल्यावर थोडं थोडं करत होते. एकेकीचा आवाज एकटा ऐकायचा, खोकला-खाकरा कमी करायचा. काल सकाळी सुट्टी होती म्हणून मावशीच्या माईकपाशी आले. बाकीचे सात बंद केले आणि हेडफोन लावला.

एकटी मावशी. तिचा श्वास, ओठ मिटल्याचा आवाज, तोंडातलं पाणी गिळल्याचा आवाज, सगळं माझ्या कानाशी. देव झाले. खाडी झाली. गेलेली माणसं सुरू झाली. सासूचं नाव, सासऱ्याचं, दिराचं. मग क्षणभर थांबली. आणि मग:

"ये गो शुभाबाय, बेलापूरची शुभाबाय, आमच्या मांडवाला ये."

ताई!

मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आणि पुन्हा. मग बाकीच्या सातजणींचे आवाज सुरू करून ऐकलं, तर तुझं नाव कुठेच ऐकू येत नाही. त्यांच्या लाटेखाली पूर्ण बुडून जातं. त्या खोलीत मी चार हातांवर बसले होते आणि मला कळलं नव्हतं. इक्बालभाईंना नाही, मंदालाही नाही. एक माईक असता, दोन असते, तर हे कुणालाच कधी कळलं नसतं. तिनं कुणाला ऐकू जावं म्हणून म्हटलंच नव्हतं ते. तिनं फक्त तुला बोलावलं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. आमच्या घरच्या कुणाला तुझ्यासाठी असं काही करता आलं नव्हतं गं. दहावं-बारावं झालं, फोटोला हार झाला, पण तुला लग्नघरात बोलवायचं हे कुणाला सुचलं?

आज दुपारी लॅपटॉप घेऊन दिवाळ्याला गेले. मावशी पलंगावर बसली होती, गळ्याला पांढरी पट्टी. मी हेडफोन तिच्या कानांवर लावला. आधी सगळ्याजणींचं ऐकवलं, ती बोटांनी मांडीवर ताल धरत होती. मग मी बाकीचे आवाज बंद केले.

तिचा हात थांबला. आपलाच आवाज, एकटा. तिनं डोळे मिटले. मी तिच्याकडे बघत होते, मंदा दारात पदर तोंडाला लावून उभी होती. तुझ्या नावापाशी आली तेव्हा मावशीनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला कळलंय हे तिला कळलं.

मी विचारलं, "मावशी, ताईचं नाव का घेतलंत?"

तिनं मला जवळ ओढलं. कानाशी तोंड आणलं. कुजबुज, नुसता वारा.

"शब्द दिलता ना तिना? मंग तिना यायला नको? बोलवल्याबिगर कशी येईल?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, ताई. लाज नाही वाटली. तिच्या साडीला मिठाचा, सुक्या मासळीचा वास होता. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला आणि थोड्या वेळानं पुन्हा माझा कान ओढला. म्हणाली, जासईला तिची मामेबहीण आहे, कमळाबाय. तिकडची गाणी वेगळी आहेत. ती पण म्हातारी झाली. "तिच्याकडं जाशील?"

ताई, तू खरंच आली होतीस का गं त्या दिवशी? मी माईकच्या पट्ट्या बघत बसले म्हणून मला दिसली नाहीस का?

नसशील तरी चालेल. पण एक ऐक. जासई गावाच्या पाटीवरून माझी बस रोज जाते, आणि इतक्या वर्षांत मी गावात एकदाही पाऊल टाकलेलं नाही. येत्या रविवारी टाकणार आहे. कमळाबायच्या घरचे पंखे बंद करायला सांगीन, माईक एकेकीच्या तोंडाशी नीट लावीन, आणि गाणं चालू असताना एक शब्द बोलणार नाही. त्यांच्या कुणाचंही नाव लाटेखाली बुडून राहणार नाही, एवढं मी बघीन. हे तुला माझ्याकडून.

चल, राजननं चहा ठेवलाय. हाक मारतोय.

तुझीच,
नीलू